मशीन बसवून झाल्यावर

वैद्यकीय उपकरणांच्या धंद्यात पैसे देणारा एक असतो, मशीन चालवणारा दुसरा आणि ज्याच्यासाठी ते चालतं तो तिसराच. खरेदीच्या फायलीवर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही असते. मशीन रात्रभर सिस्टर सांभाळते. आणि त्याखाली निजलेलं बाळ दीड किलोचं असतं. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये ‘कस्टमर’ म्हणून आम्हाला पहिल्याची ओळख करून देतात. दुसरीची ओळख कामावर रुजू झाल्यावर होते. तिसऱ्याला आपण कोण हे कधीच कळत नाही, तरी हा सगळा व्यवहार त्याच्यासाठी मांडलेला असतो. इतकी वर्षं या लाईनमध्ये काढल्यावर माझं मत पक्कं झालंय की तिसऱ्याचं भलं करायचं तर वाट दुसरीकडूनच जाते. सिस्टरचं ऐकून घेणं हीच आमच्या कामातली मुख्य विद्या आहे.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो. बेबी वॉर्मर, फोटोथेरपी युनिट, सक्शन मशीन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अशी आमची उत्पादनं. मोठ्या शहरांत विक्रीचा माणूस वेगळा आणि सर्व्हिसचा वेगळा असतो. विकणारा गळ्यात टाय घालतो, दुरुस्त करणारा खांद्यावर बॅग अडकवतो. धाराशिवसारख्या जिल्ह्याला कंपन्या दोन माणसं देत नाहीत. त्यामुळे डेमो मीच देतो, कोटेशन मीच पाठवतो आणि मशीन बंद पडलं की फोनही मलाच येतो. पुण्याच्या मीटिंगमध्ये याला अडचण म्हणतात. मला मात्र हा या जिल्ह्याने दिलेला फायदा वाटतो. ज्याला उद्या स्वतःच दुरुस्तीला जायचं आहे, तो आज विकताना भलतं आश्वासन देत नाही.

जिल्हा आठ तालुक्यांचा, आणि आडवा पसरलेला. एका टोकाला परंडा, दुसऱ्या टोकाला उमरगा. एकाच दिवशी दोन्हीकडून कॉल आले तर अख्खा दिवस रस्त्यातच मोडतो. येडशीचा घाट, येरमाळ्याचा फाटा, नळदुर्गाच्या पुढचा हैदराबाद रोड, भूम-वाशीकडचे बालाघाटाच्या माथ्यावरचे रस्ते हे सगळं आमच्या कामाचाच भाग आहे. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत निघालेल्या भाविकांनी रस्ता भरून जातो आणि वाहनं वळवली जातात. त्या दिवसांत सोलापूरच्या कुरिअरमधून एखादा सुटा भाग आणायचा असेल तर बार्शीकडून फिरून यावं लागतं. म्हणून मी नवरात्र बसायच्या आधीच नेहमी लागणारं सामान घरी आणून ठेवतो. असलं शहाणपण कुठल्याही सेल्स मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं. ते ज्याच्या त्याच्या जिल्ह्याकडून शिकावं लागतं.

बेबी वॉर्मर हे दिसायला अगदी साधं यंत्र. खाली गादीचा ट्रे, वर उष्णता देणारा हीटर, बाजूला कंट्रोल पॅनल. नुकतं जन्मलेलं बाळ ओलं असतं, त्याच्या अंगावर फारशी चरबी नसते, आणि डोक्यापासून पायापर्यंत ते झपाट्याने गार पडत जातं. त्याच्या शरीराचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सियसच्या दरम्यान राहिलं पाहिजे. हे ज्याच्या भरवशावर ठरतं, तो भाग संपूर्ण मशीनमध्ये सगळ्यात लहान आहे. शर्टाच्या बटणाएवढी धातूची चकती आणि तिला जोडलेली बारीक वायर. तिला आम्ही स्किन प्रोब म्हणतो. ती बाळाच्या पोटावर, उजव्या बाजूला, वरच्या अंगाला चिकटवायची. चकतीला बाळाचं अंग गार लागलं की हीटर वाढतो, गरम लागलं की कमी होतो. प्रोब सुटून बाजूला पडला तर मशीनला बाळ गारठलंय असं वाटतं आणि ते उष्णता वाढवत नेतं. बाळ कुशीवर वळून प्रोबवर आलं तर उलट होतं. प्रोब दबून गरम होतो, मशीन समजतं की बाळाला पुरेशी ऊब आहे, आणि बाळ वरून गार पडत जातं. एवढं मोठं यंत्र या एवढ्याशा चकतीच्या शब्दावर चालतं.

टेंडरमध्ये या प्रोबबद्दल जेमतेम एक ओळ असते. बोलणं चालतं ते वॉर्मरच्या किमतीवर. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर किंवा निविदेत सगळ्यात कमी दर भरणारा, म्हणजे एल-वन, ऑर्डर घेऊन जातो. सरकारी पैसा आहे, दर पाहिलाच पाहिजे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वॉर्मर किती वर्षं चालणार हे दरपत्रकातून कळत नाही. सुटा प्रोब मिळतो का, कितीला मिळतो, किती दिवसांत मिळतो, या तीन प्रश्नांतून ते बरंचसं कळतं. प्रोब गेला की सर्वो मोड, म्हणजे हीटर आपोआप कमी-जास्त होणं, गेलं. मग मशीन मॅन्युअलवर चालवायचं आणि बाळाचं तापमान सिस्टरने पुन्हा पुन्हा स्वतः बघायचं. वॉर्डात एक सिस्टर आणि बरीच बाळं असतील तर हे किती काळ निभतं, ते वॉर्डात उभं राहिल्यावरच समजतं.

आमच्या जुन्या मॉडेलचे प्रोब सारखे तुटायचे. कंपनीच्या नोंदीत त्याचं कारण ‘अयोग्य हाताळणी’ असं लिहिलेलं असायचं. एका ग्रामीण रुग्णालयातल्या वयस्क सिस्टरने मला तुटलेले प्रोब काढून दाखवले. तिने ते टाकून दिले नव्हते, खोक्यात जपून ठेवले होते. टेबलावर एकाशेजारी एक मांडले आणि म्हणाली, “दादा, मशीन चांगलंय तुमचं, पण वायर हितंच तुटती बगा. दरवेळी हितंच. चादर बदलताना मावशी ओढत्यात, त्यांचा बी काय दोष? त्यांनी बाळ उचलावं का वायर बगावी?” मी वाकून पाहिलं. प्रत्येक वायर कंट्रोल पॅनलच्या पिनेपासून साधारण बोटभर अंतरावरच तुटलेली. पॅनल ट्रेच्या ज्या बाजूला होतं, त्याच बाजूने चादर ओढली जात होती, आणि प्रत्येक वेळी वायर त्याच जागी दुमडत होती. ते सगळे प्रोब मी फोटो काढून, पाकिटात घालून पुण्याला पाठवले. सोबत सिस्टरचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. पुढच्या मॉडेलमध्ये पिनेजवळ जाड रबराची बाही आली आणि वायर ट्रेला अडकवायला क्लिप आली. प्रोब तुटण्याच्या तक्रारी एकदम उतरल्या. त्या सुधारणेच्या कागदावर डिझाईनच्या इंजिनिअरची सही आहे. त्या सिस्टरचं नाव तिथे कुठेही नाही, पण ते डिझाईन तिचंही आहे असं मी नव्या मुलांना आवर्जून सांगतो.

वीज आणि धूळ ही आमच्या जिल्ह्यातल्या यंत्रांची परीक्षा घेणारी जोडी. पुण्याच्या कारखान्यात मशीन स्थिर दाबाच्या विजेवर तपासलं जातं. इथे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं आणि रात्री शेतीपंप बंद झाले की एकदम चढतं. धुळीचं म्हणाल तर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हवा आत ओढतो. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. आतल्या झिओलाइटचे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि बाहेर 93 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन मिळतो. पण ओढली जाणारी हवा सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांतली असेल तर पुढचा फोमचा फिल्टर आठवडाभरातच मळून जातो. तो नळाखाली धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवायचा एवढंच काम असतं. ते झालं नाही तर मशीन धापा टाकत चालतं, ऑक्सिजनचं प्रमाण घसरतं, आणि रुग्णाच्या नाकाला लावलेल्या नळीतून वारा मात्र तसाच येत राहतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गावोगावी कॉन्सन्ट्रेटर आले. देणाऱ्यांची भावना मोठी होती. त्या यंत्रांसोबत जिथे फिल्टर धुवायला शिकवणारा माणूस गेला, तिथे ती चालली.

फोटोथेरपीचं दुखणं आणखी छुपं. कावीळ झालेल्या बाळाला निळ्या उजेडात ठेवतात. त्या उजेडाने रक्तातलं बिलिरुबिन शरीराबाहेर टाकता येईल अशा रूपात बदलतं. जुन्या युनिटमधल्या नळ्या ठरावीक तासांनंतर उपयोगाचा प्रकाश कमी देऊ लागतात, पण डोळ्यांना त्या पहिल्याइतक्याच निळ्या दिसतात. जात्याला वेळच्या वेळी टाकी लावली नाही तर ते फिरत राहतं, दिसायला तेच असतं, पण पीठ जाडं पडायला लागतं. या नळ्यांचंही तसंच आहे. प्रकाश मोजायचं मीटर लावून आकडा दाखवला तरच सिस्टरची आणि डॉक्टरांची खात्री पटते. म्हणून हे मीटर मी कायम गाडीत ठेवतो. कॉल नसला तरी वाटेवरच्या दवाखान्यात दोन मिनिटं थांबून लावून बघतो.

9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात 17 बाळं होती. सात वाचली, दहा गेली. आगीची सुरुवात एका वॉर्मरपासून झाल्याचं चौकशीनंतर सरकारने सांगितलं. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने त्या सकाळी आपण बसवलेलं एकेक मशीन मनात तपासलं. कुठे अर्थिंग कच्चं होतं, कुठे एकाच बोर्डावर तीन-तीन मशीन्स जोडली होती, कुठे थ्री-पिनची मोठी पिन काढून टूपिनमध्ये खुपसली होती. त्यानंतर मी अर्थिंग मोजल्याशिवाय इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही करत नाही. यावरून वाद होतात. बिल अडकतं, वरिष्ठांचा फोन येतो, दवाखान्यातले लोकही म्हणतात, “आवो, आत्ता चालू करून द्या, लाईटवाल्याला नंतर बोलवू.” मी थांबतो. भंडाऱ्याच्या त्या दहा घरांना आपण कोणीही काही परत देऊ शकत नाही. पण त्यांच्यामुळे जो नियम आपल्याला कळला तो पाळणं आपल्या हातात आहे.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली देशातल्या सरकारी दवाखान्यांमधल्या उपकरणांची मोजदाद झाली, तेव्हा 29 हजारांहून अधिक ठिकाणची साडेसात लाखांवर उपकरणं नोंदवली गेली. राज्यागणिक 13 ते 34 टक्के उपकरणं बंद असल्याचं दिसलं. त्यातून देखभालीचा कार्यक्रम सुरू झाला, टोल-फ्री नंबर आले, मशीनवर बारकोडचे स्टिकर लागले. उद्दिष्ट ठरलं: जिल्हा रुग्णालयातली उपकरणं 95 टक्के वेळ चालू राहावीत, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवरची 90 टक्के, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली 80 टक्के. कार्यक्रम चांगला आहे, त्याने खूप मशीन्स जागी झाली. पण त्या 80 टक्क्यांवर मी अनेकदा विचार करतो. 80 टक्के म्हणजे वर्षातले 73 दिवस मशीन बंद राहिलं तरी उद्दिष्ट गाठलं गेलं. गाव जितकं आडबाजूला, तितकी बंद राहण्याची मुभा जास्त. व्यवस्थेच्या दृष्टीने हे व्यवहार्य असेल; दूरवर माणूस पोचायला वेळ लागतो हे मलाही माहीत आहे. पण बाळंतीण मात्र त्या आडबाजूच्या केंद्रातच येते, आणि तिथून पुढे न्यायला तिच्याकडे सगळ्यात कमी वेळ असतो.

मशीनपेक्षा मशीनभोवतीची माणसं काय करू शकतात, याचा मोठा दाखला आपल्याच जिल्ह्याने जगाला दिला आहे. आपल्याकडे तो फारसा कोणाला ठाऊक नाही, म्हणून सविस्तर सांगतो. 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो चालवला. गावांचे 52 समूह, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया. काही समूहांत एचपीव्ही या विषाणूची चाचणी, काहींत पेशींची तपासणी, काहींत व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी, आणि एका गटात तेव्हाची नेहमीची आरोग्यसेवा. निष्कर्ष 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. आठ वर्षांत नेहमीच्या सेवेच्या गटात या कर्करोगाने 64 स्त्रिया दगावल्या होत्या. साधारण तेवढ्याच संख्येच्या एचपीव्ही चाचणीच्या गटात 34. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नाही, यावर पुढे वादही झाला, आणि तो होणं योग्यच होतं. त्यांचंही या ज्ञानावर ऋण आहे. पुढे 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. तिथवर पोचलेल्या पुराव्यांत आपल्या जिल्ह्यातल्या बायकांचा मोठा वाटा आहे.

या अभ्यासाकडे मी विक्रीच्या माणसाच्या नजरेने पाहतो, तेव्हा मला किटचं नाव आठवत नाही. मला कामाची साखळी दिसते. कोणीतरी गावात जाऊन बाईला, तिच्या सासूला, तिच्या नवऱ्याला समजावलं. खुरपणीला निघालेली बाई एक दिवस रोजगार बुडवून तपासणीला आली. तिचा नमुना नीट लेबल लावून बार्शीच्या प्रयोगशाळेत पोचला. निकाल तिच्या दारापर्यंत परत आला आणि दोष निघाला तर ती उपचाराला पोचली. यातली एक कडी तुटली असती तर जगातली उत्तम चाचणीसुद्धा एक बाई वाचवू शकली नसती. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं, त्यामागेही हीच समज होती. उपकरण विकणाऱ्याला या साखळीत एक लहान जागा मिळते. पण ती जागा त्याने पुरी भरली पाहिजे.

म्हणून मी माझ्या कामाच्या काही सवयी ठरवल्या आहेत. इंग्रजी पुस्तिका भांडारात कपाटबंद होते, हे दिसल्यापासून मी मशीनवरच मराठी स्टिकर लावतो. मोठ्या अक्षरात, सिस्टरने सांगितलेल्या शब्दांत: ‘प्रोब पोटावर, पोटाखाली नको.’ ‘फिल्टर दर सोमवारी धुवा, वाळल्यावरच लावा.’ शेवटी माझा नंबर. सिस्टरची बदली होते, नवी सिस्टर येते, तेव्हा तिच्यासाठी तोच डेमो पुन्हा देतो. तो टार्गेटमध्ये धरला जात नाही. मोठ्या मशीनची गरज नसलेल्या छोट्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगतो. आपल्या धंद्यात भेटवस्तू आणि सहलींच्या बळावर विकण्याची वाईट रीत होती, अजून पुरती गेलेली नाही. 2024 मध्ये केंद्र सरकारने वैद्यकीय उपकरणांच्या विपणनासाठी स्वतंत्र आचारसंहिता आणली याचा मला मनापासून आनंद झाला. भेट देऊन विकलेल्या मशीनची किंमत शेवटी रुग्णाच्या बिलात येते किंवा सरकारी तिजोरीतून जाते, आणि दोन्हीकडे ती गरिबालाच भरावी लागते.

वर्षाला एकदा तरी कुठल्या ना कुठल्या भांडारात मला प्लास्टिक न काढलेलं मशीन दिसतं. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद असते, निर्लेखनाची तारीख जवळ येत असते, पण कोणीही ते एकदाही सुरू केलेलं नसतं. चौकशी केली की कारण बहुतेक वेळा किरकोळ निघतं. एखादी केबल आली नव्हती, स्टॅबिलायझर मंजूर झाला नव्हता, किंवा शिकलेली सिस्टर दुसरीकडे गेली होती. आमच्या कंपनीचं नसलं तरी मी ते उघडून पाहायची परवानगी मागतो. स्पर्धकाचं मशीन चालू करून दिलं म्हणून माझं काहीच कमी होत नाही. त्याने एखादी रात्र निभावून जाते.

या लाईनमध्ये येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मला एवढंच सांगायचं आहे की इथे या, आणि इथेच राहा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, आयटीआय, बायोमेडिकलचं शिक्षण घेऊन आपली पोरं पुण्याच्या हिंजवडी-चाकणला जातात. त्यांना दोष देत नाही. पगार तिकडे आहे. पण पुण्याहून निघालेला इंजिनिअर उमरग्याला पोचेपर्यंत दिवस जातो, आणि उमरग्याचाच मुलगा असेल तर तो तासाभरात वॉर्डात उभा राहतो, सिस्टरशी तिच्या बोलीत बोलतो. कंपन्यांनी तालुक्याला अशी माणसं नेमावीत. आरोग्य विभागाने निविदेत दराच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवावा: मशीन बंद पडलं तर कोण येणार, कुठून येणार, किती तासांत. दवाखान्यांनी मशीन घेताना सिस्टरला त्या टेबलाशी बसवावं आणि तिने नाही म्हटलं तर घेऊ नये. यात कुठलीच गोष्ट खर्चिक नाही. नव्याने दाखल झालेला गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेजचा विद्यार्थी, अणदूरची आरोग्य कार्यकर्ती, परंड्याची सिस्टर आणि माझ्यासारखा बॅग घेऊन फिरणारा माणूस, हे सगळे आज या जिल्ह्यात आहेत. त्यांना एकमेकांचा फोन नंबर माहीत असला आणि फोन आल्यावर उचलायची सवय असली, तर धाराशिवचं दीड किलोचं बाळ पुण्याच्या बाळाइतकंच सुरक्षित राहू शकतं, याबद्दल मला शंका नाही.